तलफ आली की सरांना फोन करायचा

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून सिगारेट बंद. कायमची. कारण उदात्त आहे.

व्यसनमुक्ती केंद्रानं माझी ‘संगीतमित्र’ म्हणून निवड केली. कीबोर्डसाठी अर्ज माझा एकट्याचाच होता, पण निवड ती निवड. केंद्रातल्या प्रत्येक मुलामुलीला एक वादक जोडून देतात. सोमवारी आणि गुरुवारी एकेक तास शिकवणी. माझ्या वाट्याला आलेली मुलगी एकोणीस वर्षांची. गोळ्यांच्या नादातून नुकती सुटलेली. लोकरी टोपी भुवयांपर्यंत ओढून बसते, म्हणून सगळे तिला टोपीच म्हणतात. सध्या केंद्रातच राहते. पुढे मोठ्या बहिणीच्या घरी जायचंय. बहिणीच्या नवऱ्यानं एकदाच घरात घ्यायचं कबूल केलंय. पुन्हा घसरली तर दार बंद, आणि दुसरं दार नाही.

केंद्रप्रमुख बाईंना म्हटलं, निर्धास्त राहा, माझ्या हाती आली म्हणजे मार्गी लागली. बाईंनी एक मेट्रोनोम, लय धरायला टिकटिकणारं यंत्र, हातात ठेवला.

इथला एक नियम मला पटलेला नाही. तलफ आली की मुलानं आपल्या वादकाला फोन करायचा. वादकानं लगेच उचलायचा, एक अक्षर बोलायचं नाही, मेट्रोनोम चालू करून फोनजवळ धरायचा. पलीकडे मुलानं बोटांनी टेबलावर ठोके द्यायचे. थोड्या वेळानं तलफ उतरते म्हणे. इतकी वर्षं हॉटेलच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवलेल्या माणसानं टिकटिक ऐकवायची? ते काम भिंतीवरचं घड्याळही करेल. यात सुधारणा करावी लागणार.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला तास उत्तम. टोपीनं विचारलं की एखादी अंगाई शिकवाल का. बहिणीला तान्ही मुलगी आहे, तिच्यासाठी. बाकी काही नको म्हणाली. मी समजावलं की अंगाई हा कळस आहे, आधी पाया. तासभर पाया समजावला. वाजवायला वेळ उरला नाही. ती अधूनमधून जांभई देत होती. मेंदूला नवीन माहिती घेताना ऑक्सिजन जास्त लागतो.

सिगारेट एक. जेवणानंतरची होती, त्यामुळे धरत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळ

टोपीचा पहिला फोन. सहाव्या रिंगला उचलला. लगेच उचलला तर माणूस रिकामटेकडा वाटतो. तिला बोलता येत नव्हतं, नुसता श्वास ऐकू येत होता. मेट्रोनोम दुकानातच राहिला होता. (मी वाद्यांच्या दुकानात कीबोर्ड वाजवून दाखवतो. विक्रेता नव्हे, डेमो आर्टिस्ट.) मग मी तिला माझी नवी रचना ऐकवली. नाव ‘पुनर्जन्म’. केंद्रातल्या शिकवणीच्या समारोपाच्या कार्यक्रमात सादर करणार आहे. रचनेमागची भूमिकाही थोडक्यात सांगितली, तीन भागांत.

मध्येच तिनं विचारलं, लायटर वाजला का. मी म्हटलं, नाही, मेट्रोनोम नवीन आहे. शेवटी ‘बरं सर’ म्हणून तिनं फोन ठेवला. एक जीव वाचवल्याचं समाधान काही वेगळंच.

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, नियम न बोलण्याचा होता ना? तिला संगीतातलं काही कळत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

या आठवड्यात टोपीचे फोन रोज. मेट्रोनोमही लावतो आता. पण ही मुलगी ठोके भलतेच ओढते. मी फोनवर लगेच दुरुस्त करतो. आज म्हटलं, तलफ आली म्हणून लय सोडायची नसते. ती रडायला लागली. कलावंत घडताना असे क्षण यायचेच.

अंगाईचं तिनं पुन्हा काढलं. पुढच्या आठवड्यात नक्की, असा शब्द दिला.

सिगारेटच्या बाबतीत एकदम तोडण्यापेक्षा हळूहळू कमी करणं शास्त्रीय आहे, असं वाचलं. एकदम तोडल्यामुळेच दोन वाढल्या होत्या.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर ‘पुनर्जन्म’चं रेकॉर्डिंग. फोन सायलेंटवर. संध्याकाळी बघतो तर टोपीचे चार मिस्ड कॉल, एकापाठोपाठ एक. लगेच परत फोन करणार होतो, पण दुसऱ्या भागातली एक जागा छळत होती. ती सोडवून, चहा पिऊन फोन लावला. टोपी अगदी शांत आवाजात म्हणाली की आता गरज नाही सर.

हे मला आधीच सुचायला हवं होतं. हाताशी माणूस नसला की पोर स्वतः सावरते. बाईंना ही पद्धत लेखी द्यावी म्हणतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

त्या मंगळवारपासून टोपीचा एकही फोन नाही. आठवड्यापूर्वी रोज यायचा. याला म्हणतात रिझल्ट.

तासालाही खूप बदल. रडणं नाही, हट्ट नाही. अंगाईचं नावही काढलं नाही, मीच विसरलो होतो ते बरं झालं. ‘पुनर्जन्म’ संपूर्ण ऐकताना तिचे डोळे आपोआप मिटत होते आणि चेहऱ्यावर मंद हसू होतं. एवढा तल्लीन श्रोता मला हॉटेलात कधी मिळाला नाही.

नंतर बाईंनी सगळ्या वादकांना बसवून घेतलं. केंद्रात खाटा कमी, बाहेर मुली थांबलेल्या. कुणाला घरी पाठवता येईल, असं विचारलं. मी सर्वांत आधी हात वर केला. फोन पूर्णपणे बंद झालेत, असं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

“बंद झालेत, की तिनं करायचे सोडलेत?”

मी म्हटलं, एकच झालं ना. चोवीस तास केंद्रात असणाऱ्या बाईंपेक्षा तिला मी जास्त ओळखतो, हेही सभ्य शब्दांत सुचवलं. टोपी उद्या बहिणीकडे जाणार. तिची खाट संध्याकाळीच दुसऱ्या मुलीच्या नावावर झाली.

बाकीच्या वादकांची मुलं अजून रोज फोन करतात. ढोलकीवाल्याचा तर मीटिंगमध्येच वाजला. तो बाहेर गेला आणि कितीतरी वेळ आलाच नाही. बिचाऱ्याची पद्धत चुकते आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

टोपी तासाला आली नाही. तान्ह्या भाचीत रमली असेल. हेच तर हवं होतं. रिकाम्या खोलीत ‘पुनर्जन्म’ दोनदा वाजवला. खोलीत घुमतो छान.

सिगारेट पुष्कळ. पण आनंदाच्या वेगळ्या मोजायच्या असतात.

२ मार्च, रविवार

सकाळी टोपीच्या बहिणीचा फोन. माझा नंबर तिला टोपीच्या मोबाइलमध्ये सापडला. ‘तलफ सर’ या नावानं सेव्ह होता. बहीण भाजी आणायला गेली होती, टोपी घरी बाळाजवळ. परत आली तर बाळ बाथरूमच्या दारापाशी फरशीवर रडतंय आणि दाराला आतून कडी. शेजाऱ्यांनी दार तोडलं. टोपी आत पडलेली. बाळाला काही झालं नाही. टोपी हॉस्पिटलमध्ये आहे, जिवंत आहे.

बहिणीनं मला विचारलं की तुम्हाला काही जाणवलं नव्हतं का. मी म्हटलं, फोन तर बंद झाले होते.



३ मार्च, सोमवार

हॉस्पिटलमध्ये गेलो. काय न्यायचं कळेना, म्हणून अंगाईची सुरावट लिहून नेली. अर्ध्या पानात मावली. शिकवायला फार तर दोन तास लागले असते.

टोपीच्या डोक्यावर टोपी नव्हती. केस अगदी बारीक कापलेले, आणि ती बारा वर्षांची दिसत होती. मी स्टुलावर बसलो आणि सवयीनं धीर द्यायला लागलो, हा फक्त एक विराम आहे वगैरे. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

“सर, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही उशिरा उचलायचात, आणि मग बोलतच राहायचात. गोळ्यावाला पहिल्या रिंगला उचलतो. आणि काही बोलत नाही.”

ती माझ्यावर चिडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. तिची बोटं खाटेच्या कडेवर ठोके देत होती. लय ओढली जात होती. मी काही बोललो नाही. पहिल्यांदाच बोललो नाही, आणि तेवढ्यात नर्सनं भेटीची वेळ संपल्याचं सांगितलं.

६ मार्च, गुरुवार

टोपी हॉस्पिटलमधून कुणाला न सांगता निघून गेली. जाणार कुठे होती म्हणा. बहिणीच्या नवऱ्यानं तिची बॅग केंद्राच्या फाटकाशी आणून ठेवली, आणि केंद्रात खाट रिकामी नाही. तिची खाट मीच रिकामी करून दिली होती. तिचा मोबाइल बंद लागतो. मी सकाळपासून लावतोय.

बाई रागावल्या नाहीत. आता तुम्ही थोडी विश्रांती घ्या म्हणाल्या, आणि मेट्रोनोम परत मागितला. नवीन वादकाला द्यायचाय. मी म्हटलं, घरी राहिला, उद्या आणतो. तो माझ्या खिशातच होता.

समारोपाच्या कार्यक्रमात ‘पुनर्जन्म’ नाही. कुणी काढून टाकला असं नाही, कुणी त्याबद्दल विचारलंच नाही.

१० मार्च, सोमवार, संध्याकाळ

नवा संकल्प. फोन पहिल्या रिंगला उचलायचा, एक अक्षर बोलायचं नाही. सिगारेटचा संकल्प यात धरलेला नाही, एका वेळी एकच.

दुपारपासून टेबलापाशी बसून आहे. फोनचा आवाज पूर्ण वाढवला. मेट्रोनोम शेजारी, चालू करून ठेवलाय, ऐन वेळी शोधाशोध नको. दुकानात पोट बिघडल्याचं कळवलं. मोबाइल कधी ना कधी चार्ज करेलच ती. नंबर तर तिच्याकडे आहे.

साडेसहाला फोन वाजला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलला. काही बोललो नाही. मेट्रोनोम फोनजवळ धरला आणि धरूनच ठेवला.

बायको होती. बाजारातून बोलत होती. कपड्यांचा साबण संपलाय का ते बघायला सांगत होती. मग म्हणाली, एवढ्या पटकन कसा उचललात, बरं वाटत नाहीये का, आणि हे टिकटिक काय वाजतंय.

साबण संपला होता. तसं सांगितलं.