पाठकोऱ्या कागदावरची पत्रिका

८ जानेवारी, सकाळी ९
प्रिंटर आणला. लोणावळ्यातलं एक ऑफिस बंद झालं, त्यांनी भंगारात काढला होता. लोकांना वस्तूची किंमत कळत नाही. समीक्षाच्या लग्नाच्या पत्रिका आता घरीच छापणार. सौ. म्हणाली, प्रेसवाल्याला द्या आणि मोकळे व्हा. एका संध्याकाळचं तर काम आहे! लग्न ९ फेब्रुवारीला.

संध्याकाळी ७
इंग्रजी झकास येतं. मराठी नाही. स्क्रीनवर श्रीगणेशाय नमः, कागदावर सात चौकोन. किरकोळ बाब.

१० जानेवारी
कारण सापडलं. प्रिंटरच्या पोटात त्याचे स्वतःचे फॉन्ट आहेत, सगळे इंग्रजी. दुसऱ्या कुणाला हे शोधायला महिना लागला असता.
पहिली पत्रिका गणपतीला, दुसरी मुलीच्या मामाला. सौ.ला त्याचीच घाई. तिचा भाऊ गोरख, मळवलीजवळ भाजे गावात शेती करतो. चार वर्षं आमच्याकडे फिरकलेला नाही. वास्तुशांतीला त्याला टॉवेल-टोपी द्यायची माझ्याकडून राहिली. राहिली म्हणजे काय, गडबड होती. सौ. म्हणते, मामा मागे उभा नसेल तर पोरीला बोहल्यावर बघवणार नाही मला.

१३ जानेवारी
त्रेसष्ट मराठी फॉन्ट डाउनलोड केले. कॉम्प्युटर उघडायला वीस मिनिटं लागतात. चौकोन तेच. मात्र जरा ठळक वाटले. प्रगती आहे.

१५ जानेवारी
झोप नीट नाही. जेवताना चौकोन दिसतात. समीक्षा म्हणाली, बाबा, मी बघू का? तळेगावच्या कंपनीत कॉम्प्युटरवरच बसते ती, पण हे तिच्या आवाक्यातलं नाही. मीच करणार.
पत्रिकांसाठी आणलेले जाड कागद चाचण्यांतच संपत आलेत.

१७ जानेवारी
युक्ती! मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत टाइप केली. चाचणीला लांब ओळ हवी होती, मनात आलं ते लिहिलं: गोरख आला काय, न आला काय, लग्न अडत नाही, मानासाठी तोंड फुगवून बसणारा माणूस. लख्ख उमटलं. दहा प्रती काढल्या. सौ.ला दाखवल्या नाहीत. तिला त्यातलं तांत्रिक काय कळणार.

२० जानेवारी
मी दूध आणायला गेलो तेवढ्यात समीक्षाने सेटिंगमध्ये एका खुणेवर टिचकी मारली. मराठी छापायला लागलं. बारा दिवस पाया मीच घातला होता, म्हणून एका टिचकीत झालं.
कोरे जाड कागद उरले नऊ. ते व्याह्यांकडच्या मंडळींना. आपल्या माणसांना पाठकोऱ्यांवर. कागद वाया घालवणं मला जमत नाही. आणि पत्रिकेची पाठ कोण बघतं?

२१ जानेवारी
गणपतीला पहिली ठेवली. गोरखची सौ.ने हळद-कुंकू लावून पाकिटात घातली, मळवलीला उतरून भाज्याला स्वतः देऊन आली. भाऊ घरी नव्हता, वहिनीच्या हातात दिली. परतल्यावर गुणगुणत होती. बऱ्याच वर्षांनी ऐकलं.

२२ जानेवारी, दुपारी ४
उरलेले पाठकोरे मोजले. चौकोनांचा एकच कमी. गोरखच्या ओळीचे नऊच. दहावा?
गणपतीपुढची पत्रिका उलटून पाहिली. चौकोन.

२३ जानेवारी
भाज्याहून फोन नाही. सौ. सारखी मोबाइल बघते. मी म्हटलं, रेंज नसेल.

२५ जानेवारी
गोरख आला. पत्रिका माझ्यापुढे ठेवली. म्हणे दाजी, चष्मा आणला न्हाई, वाचून दावा. मी पुढची बाजू वाचली. म्हणे ती न्हाई, माघली.
वाचली. सगळी. सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. मग म्हटलं, गोरखभाऊ, चुकलो. तेव्हाही आणि आताही.
सौ. आत गेली आणि कपाटातून टॉवेल-टोपी घेऊन आली. चार वर्षं घडी मोडली नव्हती. मला ठाऊकच नव्हतं. टोपी मी स्वतः त्याच्या डोक्यावर ठेवली. त्याने ती दोन्ही हातांनी सारखी केली. मग म्हणाला, पोरीच्या माघं मीच हुबा ऱ्हानार, त्यात तुमाला काय इचारायचंय. सौ. रडली.
पत्रिका परत मागितली. दिली नाही. खिशात घालत म्हणाला, मशीन लय ब्येस हाय दाजी, मनातलं पन छापतंय.
उद्या प्रेसवाल्याकडे जायचं आहे.