सासूबाई आणि दुहेरी काच

ती. जाऊबाईंस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (साष्टांगच घातला असता, पण जमिनीवर अजून लाकडाचा भुसा आहे.) तुमची कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला? सगळे बरे असालच, कारण तुमच्याकडे घराची दुरुस्ती चाललेली नाही. फोनच करणार होते. का केला नाही ते पुढे कळेल.

तर तुमच्या धाकट्या दिरांनी खिडक्या बदलल्या. जुन्या खिडक्यांतून वारा येतो, असं ह्यांच्या मनाने घेतलं. (खिडकीतून वारा येतो हा शोध लावायला ह्यांना एकोणीस वर्षं लागली.) खात्री करायला पेटती मेणबत्ती घेऊन घरभर फिरले. ज्योत कुठे हलते ते बघायचं होतं. हलली ती नेमकी पडद्याजवळ. सासूबाईंनी फुलदाणीतलं पाणी ओतलं म्हणून अर्धा पडदा तरी वाचला. उरलेलं पाणी ह्यांच्या डोक्यावर. तशा निथळत्या डोक्याने ह्यांनी जाहीर केलं, "बघा, केवढी गळती!"

त्यानंतर चार महिने घरात दुसरा विषय नाही. अ‍ॅल्युमिनियम उष्णता वाहून नेतं, लाकूड अडवतं. एका काचेने भागत नाही, दोन हव्यात, आणि त्या दोघींच्या मध्ये साधी हवा चालत नाही, खास वायू भरावा लागतो. माझ्या वाढदिवसाला ह्यांनी लाकडाचे तीन तुकडे माझ्या गालाला लावले आणि कुठला जास्त ऊबदार वाटतो ते विचारलं. तिन्ही ह्यांच्यापेक्षा ऊबदार होते. (बोलले नाही.)

शेवटी आम्ही तिघं दुकानात गेलो. विक्रेता भलताच गोड. एका बाजूला तापलेला दिवा, मध्ये दुहेरी काच, आणि काचेच्या अलीकडे त्याने सासूबाईंचा तळहात धरून ठेवला. "आजी, लागते का धग?"

सासूबाईंनी वेगळंच विचारलं, "ह्यातून रस्त्यावरचं ऐकू येतं का रे?"

"अजिबात नाही!" तो छाती फुगवून म्हणाला.

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. तुम्हाला माहीतच आहे, त्या खिडकीशी खुर्ची टाकून त्या सगळ्या गल्लीची खबर ठेवतात. पण तोवर ह्यांची सही झाली होती.

खिडक्या बसल्या. सुतार चौकटीवर रंधा फिरवत म्हणाला, "लाकूड आहे बाई, श्वास घेतं." (आम्हाला घेता येऊ नये इतक्या घट्ट त्याने त्या बसवल्या.) उघडायची सोय आहे, परवानगी नाही. ह्यांनी भिंतीवर तापमापक लावलाय. पारा अर्धा अंश घसरला की चौकशी बसते. रस्ता मुका झाला. सासूबाईंनी दोन दिवस नुसत्या हातवाऱ्यांवर निभावलं. समोरचा शिंपी बायकोला हाताने काहीतरी उभं फाडून दाखवत होता, त्यावरून त्यांनी ताडलं की नवराबायको वेगळे होताहेत. संध्याकाळपर्यंत बातमी इमारतभर, आणि तीन बायका शिंपिणीचं सांत्वन करायला हजर! तो बिचारा कोटाचं अस्तर उसवायला सांगत होता. कोट माझा होता. शिंपीण बोलायची बंद झाली, कोट तिच्याकडेच आहे, आणि मी थंडीत शाल गुंडाळून बाजारात जाते.

तेव्हा सासूबाईंनी रस्त्याचा नाद सोडला आणि खुर्ची आत वळवली. जाऊबाई, अख्ख्या गल्लीला पुरणारं लक्ष आता एकट्या माझ्यावर आहे! चहात साखर किती वेळ ढवळते, कपाटाचं दार का आपटते, उसासा कोणाच्या नावाने टाकते, काही म्हणून सुटत नाही. ह्यांच्यापाशी रडले तर म्हणाले, "म्हणजे खिडक्या उत्तम काम देताहेत." खरंच देताहेत. घरातली धग बाहेर म्हणून जात नाही.

असो. मुलांना पापे. लोभ आहेच, वाढवायचा की नाही ते खालचं वाचून ठरवा.

तुमची धाकटी

ता. क. : तुमच्या खिडक्या धड लागत नाहीत, अख्खा रस्ता तुमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. काय भाग्य! थंडी सरेपर्यंत सासूबाईंना तिकडे ठेवून घ्याल का?

आणखी एक : पोचवायला हे येतील. खिशात मापाची टेप असेल. दारातूनच वाटेला लावा.

ता. क. (हे अक्षर माझं, सासूचं) : पत्र टेबलावर उघडंच होतं. मी कुठेही येत नाही. इथे आता टाचणी पडली तरी ऐकू येते, आणि धाकटी तिच्या बहिणीला फोनवर तुझ्याबद्दल जे सांगते तेही. ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तूच ये.