चुन्याच्या डबीतल्या गोळ्या

आबा,

तुमच्यावर मी अजून चिडलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. गावात तुमचा विषय निघाला की लोक कोरोनानं नेलं म्हणून हळहळतात, "आबाले कोरोना लई गया," आणि आई पदर डोळ्यांना लावून मान हलवते. मला तिथंच उठून विचारावंसं वाटतं, कोरोना गावात कितीजणांना झाला? तुमच्याहून वयानं मोठे असलेले तुमचे चुलतभाऊसुद्धा दवाखान्यातून पायी चालत घरी आले. मग तुम्हीच का आला नाहीत?

तुम्हाला ताप आला तेव्हा मी जळगावहून बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन पाठवलं होतं. रोज फोनवर विचारायची, किती दाखवतंय? तुम्ही रोज उत्तम आकडा सांगायचात आणि वर मलाच झापायचात, "माले काय धाड भरनी! तू तुन्हं घर सांभाळ." तो आकडा आईचा होता. तुमच्या बोटाला मशीन कमी दाखवायला लागलं, तेव्हा ते बिघडलं असं ठरवून तुम्ही तिच्या बोटाला लावलंत आणि तिचा आकडा मला ऐकवलात. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि आई तुमच्यासमोर बोट पुढे करून मुकाट्यानं बसली.

धुळ्यात खाट मिळेना म्हणून तुम्हाला गाडीत घालून जळगावला आणलं. दवाखान्याच्या दारात एक तरुण डॉक्टरीण उभी आहे, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या किटमध्ये, आवाज मास्कमधून अर्धाच येतोय. ती ओरडून विचारते, "आबा, दम आहे का?" तुम्ही गाडीतून उतरताना माझा हात झटकता, छाती पुढे काढता. "दम शे ना! गंज दम शे!" तुम्ही म्हणत होतात अंगात भरपूर जोर आहे; तिला वाटलं, तुम्हाला धाप लागते असंच तुम्ही सांगताय. तिनं लगेच ऑक्सिजन लावायला लावला. तुम्ही आयुष्यभरात डॉक्टरला एकच गोष्ट खरी सांगितलीत, तीही चुकून. पुढे तिनं विचारलं, शुगर, बीपी काही? "काहीच नई." तिथं मात्र तुम्ही चुकला नाहीत.

थोड्या वेळानं तीच डॉक्टरीण बाहेर आली आणि माझ्यावर तडकली. "शुगर केवढी आहे त्यांची! आजची नाही ही, वर्षांची आहे. घरात कोणालाच माहीत नाही?" मग तिचा आवाज जरा खाली आला. म्हणाली, "वय आहे, शुगर अशी मोकाट सुटलेली, आणि दम लागल्यावरही तुम्ही इतके दिवस घरात ठेवलं. यातलं एखादं असतं तर आम्ही झगडलो असतो. झगडतोच आहोत. पण आशा फार धरू नका." मी वळून आईकडे बघितलं. आई जमिनीकडे बघत होती.

तिथंच दवाखान्याच्या आवारात निंबाच्या झाडाखाली तिनं सांगितलं. "तुनी सोयरीक व्हवानी व्हती ना, तवयनी गोट शे. तेस्नी माले आन घाली व्हती." माझं लग्न ठरायचं होतं तेव्हापासून तुम्ही तिला शपथ घातलेली. घरात साखर आहे असं कळलं तर पोरीला चांगलं स्थळ येणार नाही, म्हणून तुम्ही गोळ्या चुन्याच्या डबीत ठेवायचात. लोकांना वाटायचं, आबा तंबाखू मळतात. आणि गोळी तरी रोज घ्यायची? चक्कर आली तर घेतली, नाहीतर तशीच. "झाकली मूठ सव्वा लाखाची," हे तर तुमचं ठरलेलं वाक्य.

माझ्यासाठी केलंत, असं आई म्हणाली. तुमच्या मरणाचं खापर माझ्या डोक्यावर फोडू नका, आबा. माझी सोयरीक झाली, लग्न झालं, मला मुलगी झाली, ती कॉलेजात गेली. तेव्हा कोणाची सोयरीक अडली होती? पोरीचं निमित्त करून तुम्ही तुमचा ताठा सांभाळलात. आजारी माणूस म्हणून गावानं बघितलेलं तुम्हाला चाललं नसतं, एवढंच. तुम्ही आत सुटलात. निंबाखाली आम्ही दोघी बसलो होतो.

आता माझ्या मुलीचं बघतोय. गेल्या आठवड्यात धुळ्याची मंडळी आली होती. चहा घेता घेता मुलाच्या आईनं सहज विचारावं तसं विचारलं, "तुमचे वडील कोरोनात गेले म्हणे?" माझी आई शेजारीच बसली होती, पण मी थांबले नाही. म्हटलं, कोरोना निमित्त झाला, साखर लपवली त्यानं गेले. डबीचं सांगितलं, मशीनचं सांगितलं, तुमचं बिंग भर बैठकीत फोडलं आणि मला फार बरं वाटलं. आई उठून आत गेली. मुलाचे वडील म्हणाले, "ताई, अशी खरं बोलणारी माणसं हल्ली मिळत नाहीत." त्या बाईंनी माझ्या हातावर हात ठेवून विचारलं, "मग तुम्हाला नाही ना काही?"

"छे हो," मी म्हटलं, आणि गोड चहाचा कप सगळा संपवला.

हे पत्र मी आईलाही दाखवणार नाही. तुमची चुन्याची डबी मी फेकून दिली असं तिला सांगितलं आहे. फेकलेली नाही, आबा. ती माझ्या कपाटात साड्यांखाली आहे, आणि रिकामी नाही; दर महिन्याला मी ती भरते.