मुळं नसलेला निवडुंग

मंगळवार, ६ जानेवारी

काचघरातल्या माझ्या एकशे बारा काटेरी बंधू-भगिनींनो! तुमचं आणि माझं गाऱ्हाणं एकच आहे – आपल्याला कुणी जवळ घेत नाही!

टाळी नाही. बरं आहे.

तीस वर्षं बल्बच्या कारखान्याच्या गेटवर बोलले. आता गच्चीवर बोलते. कारखाना बंद होऊन चौदा महिने झाले. इमारत पाडली तेव्हा आमच्या युनियनच्या सुतारानं तपासणी खात्याच्या खिडक्या हातगाडीवर घालून आणल्या आणि त्यांचं हे काचघर उभं केलं. "बाई, युनियनची मालमत्ता तुमच्या ताब्यात देतोय," म्हणाला. एका काचेवर अजून 'हात लावू नये' आहे. आतून उलटं दिसतं.

आज उंच निवडुंगाचा बुंधा मऊ लागला. दाबला तर बोट आत गेलं. मुलानं दहावीत असताना आणला होता हा – चहाच्या कपात मावेल एवढा. आता माझ्या कमरेइतका.

काही वाटलं नाही. बोट धुतलं.

शुक्रवार, ९ जानेवारी

रोपवाटिकेचे काटेमामा येऊन गेले. नाव झाडांवरून पडलं की जिभेवरून, माहीत नाही.

"पाणी किती घालता?"

"बेताचंच."

"थंडीत एक थेंब घालायचा नाही, सांगितलं होतं ना? बाकी सगळे ठणठणीत कोरडे, आणि हाच बरा विहिरीत पडला!"

खरं सांगितलं नाही. मुलाची आठवण आली की याच्या कुंडीत तांब्या ओतते. काही दिवस दोनदा. बाकीच्या एकशे अकरांना नियम, याला तांब्या!

"बाई, उपाशी ठेवून याला मारणारा माणूस मी अजून पाहिला नाही. सगळे लाडानंच मारतात. आता कापा. खालून कापत वर जायचं. आतला गर स्वच्छ दिसेपर्यंत. तपकिरी ठिपका दिसला की आणखी वर."

शनिवार, १० जानेवारी

कापला. दर वेळी सुरी पुसून. पहिला काप – ठिपका. दुसरा – ठिपका. तिसरा, चौथा. पाचव्याला गर स्वच्छ निघाला. कमरेइतका होता, हातभर उरला. कापावर गंधकाची पूड लावली. रिकाम्या कुंडीत उभा ठेवला. माती नाही, पाणी नाही.

मामांना फोन केला.

"जखम सुकून टणक झाल्याशिवाय मातीत ठेवायचा नाही. महिना लागो, दोन लागोत."

"तोवर मुळांशिवाय जगणार?"

"स्वतःतलं पाणी पितो तो. मी असेच परगावी पाठवतो, वर्तमानपत्रात गुंडाळून. मुळं ओली असली तर वाटेत कुजतात. तुम्हाला एकच काम – काही करू नका. जमेल?"

जमेल म्हणाले. हसले मामा.

रविवार, ११ जानेवारी

सुनेचा फोन. दर रविवारी बाजारात गेली की करते. मागे भाजीवाले ओरडत असतात, त्यामुळे तीही ओरडून बोलते.

"आई, ह्यांची बदली झाली! कंपनीनं दुसऱ्या कारखान्यावर घातलंय. दोन दिवसांचा प्रवास आहे. पंधरा फेब्रुवारीला निघतोय, सकाळी दहा चाळीसच्या गाडीनं."

"तो काय म्हणतो?"

"काही म्हणत नाहीत. तुमचा विषय निघाला की स्टुलावर चढून पंखा पुसतात. आमच्या घरातले पंखे बघा कधी येऊन, लख्ख आहेत!"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"जायच्या आधी तुम्ही एकदा बोला ना."

"काय बोलू?"

"तेही मीच सांगू? घरात भाषणं कोण करतं?"

फोन ठेवला. पंखा पुसावा म्हटलं. नाही पुसला.

सोमवार, १२ जानेवारी

थंडी. कुणालाच पाणी घातलं नाही.

शनिवार, १७ जानेवारी

तो दिवस एकदा लिहून टाकते.

गेटवर नोटीस लागली. तीनशे चाळीस माणसं घरी. खाली सही – मॅनेजर, म्हणजे माझा मुलगा. मला त्यानं आधी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी गेटसमोर टेबलावर उभी राहिले. सगळं गाव लोटलं होतं. चांगलं बोलले. कायदा बोलले, इतिहास बोलले, वाचलेलं सगळं कामाला आलं. मग म्हणाले – "ज्या हातानं ही सही केली, त्या हाताला अक्षरं मी गिरवायला लावली. आजपासून तो हात माझा कुणी नाही. मला मुलगा नाही!"

एवढ्या टाळ्या तीस वर्षांत मिळाल्या नाहीत. टाळ्या थांबेपर्यंत पाणी प्यायले. मग कॅन्टीनच्या बायकांच्या मुद्द्यावर गेले.

लहानपणी तो माझ्या टेबलाखाली बसायचा. माझ्या घशासाठी कोमट पाण्याचा थर्मास मांडीवर धरून.

कुणीतरी त्याला जाऊन सांगितलंच असेल. त्याच दिवशी मी त्याला अकरा फोन केले. आठवड्यात चार पत्रं. एक नऊ पानी – त्यात तत्त्वं समजावली होती! त्यानं एकदाच फोन उचलला. "आई, तुझं बरोबर होतं. ठेवतो."

तेव्हापासून हे असं आहे. जेवते, वाचते, काच पुसते. आत काही हलत नाही.

मंगळवार, २० जानेवारी

राहवलं नाही. हातभर निवडुंग मातीत रोवला. तासाभरानं उपटला, झटकला, परत रिकाम्या कुंडीत ठेवला. मामांना सांगणार नाही.

रविवार, २५ जानेवारी

फोन नाही. बाजार बंद असेल.

काप थोडा आत ओढला गेलाय. बोट फिरवलं. जुन्या चपलेच्या तळासारखा लागतो.

रविवार, १ फेब्रुवारी

सुनेचा फोन. भांडी खोक्यात गेली. कपाटं सोडवायला सुताराला बोलावलंय, आपल्याच.

"आई, सरळ विचारते. ते भाषण तुम्हाला चुकीचं वाटतं का?"

"नाही."

"मग झालंच."

झालंच कसं? दिवसभर तेच डोक्यात. कारखाना बंद करणं अन्याय होता. आजही टेबल आणा, आजही चढते, आजही त्या सहीचे वाभाडे काढते. तीनशे चाळीस घरं! त्यातलं एक अक्षर मागे घेणार नाही.

पण 'मला मुलगा नाही' हे वाक्य त्या घरांसाठी नव्हतं. ते टाळीसाठी होतं. तोंडात आलं तेव्हाच कळलं होतं – हे वाजणार.

हे कुणाला सांगितलेलं नाही. आज इथे लिहिलं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

काटेमामा इकडून जाताना डोकावले. हातभर निवडुंग उचलून तळ बघितला, नखानं टकटक केलं.

"शाबास! कुणी केलं हे?"

"कुणी काही केलं नाही."

"तेच म्हणतोय मी."

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

सुतार आला होता. वाऱ्यानं एक काच तडकलीय. खिळे तोंडात धरून बोलतो, अर्धं कळत नाही. काच बसवून कडेनं लांबीचा लगदा भरायला लागला तेव्हा खिळे काढले.

"काल तुमच्या मुलाची कपाटं सोडवून आलो. गुणी पोरगा. त्या दिवशी गेटवर माझ्या शेजारीच उभा होता."

"कोणत्या दिवशी?"

"तुमचं भाषण झालं त्या दिवशी. टोपी ओढून, मागे, सायकलींपाशी."

मला वाटत होतं, त्याला कुणी जाऊन सांगितलं. त्यानं ऐकलं होतं. माझ्या तोंडून, माझ्या आवाजात.

"तुम्ही ते 'मला मुलगा नाही' म्हणालात, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंही वाजवल्या."

"त्यानं?"

"मग काय करणार? न वाजवणारा एकटाच दिसला असता. मी म्हटलं, पोरा, निघ इथून, कुणी ओळखलं तर तुडवतील. तर म्हणतो – काका, आईचं भाषण अर्ध्यात टाकून मी कधी गेलोय का?"

लांबी अंगठ्यानं दाबत होता. एकसारखी, न थांबता.

"संपेपर्यंत थांबला, बाई. कॅन्टीनच्या बायकांचं पण ऐकलं. तुम्हाला सांगू नका म्हणाला होता. आता जातोच आहे, म्हणून सांगितलं." मग माझ्याकडे वळून, "अहो, काहीतरी बोला. तुम्ही गप्प बसलात की भीती वाटते."

त्याला चहा दिला. माझा तसाच राहिला.

शनिवार, १४ फेब्रुवारी

तळ पाहिला. मुळं नाहीत. टणक आहे.

काय बोलायचं ते लिहायला बसले. तीन पानं झाली. फाडली. अर्धं पान झालं. तेही फाडलं.

रविवार, १५ फेब्रुवारी

सात वाजलेत. गाडी दहा चाळीसची. हातभर निवडुंग वर्तमानपत्रात गुंडाळला – मुळं नाहीत, वाटेत कुजणार नाही.

ऊठ बाई. चपला घाल. फलाटावर जा, हा त्याच्या हातात दे, ते एक वाक्य मागे घे – आणि त्यापुढे एक शब्द बोलू नकोस!