पाठीवरची गाठ

वोनोकित्री, १२ जुलै १९९५

डोंगरावर यायचं, गावावरून जायचं आणि आजीच्या चुलीपाशी टेकायचंसुद्धा नाही, ही रीत तुला कुणी शिकवली? मी तरी नाही.

चि. कासियातीस आजीचे आशीर्वाद. ते आधी लिहायचे असतात हे मला माहीत आहे. पण आधी राग आला, म्हणून आधी राग लिहिला.

दर पाच दिवसांनी भरणाऱ्या लेगीच्या बाजाराला मी बटाटे घेऊन खाली जाते आणि त्या दिवशी वरचं माझं कॉफीचं दुकान बंद असतं, हे तुला पाळण्यातून माहीत. नेमका तोच दिवस धरलास. मला सगळं घोडेवाल्या करसोनोने सांगितलं. पहाटे साडेतीनला जीपमधून वर पेनांजाकानच्या माथ्यावर उतरलीस, शहरातल्या लोकांसारखा उभ्याने सूर्य बघितलास, मग खाली वाळूत येऊन करसोनोच्याच घोड्यावर बसलीस. तोंडाला रुमाल बांधून! अगं, माणसं फसतील, घोडा कसा फसेल? शाळेत असताना माझी गाजरं चोरून त्यालाच घालायचीस ना? त्याने तुझा खिसा हुंगला आणि करसोनोला कळलं. सोबत एक जाड बाई होती, ती सारखी बोलत होती. एक उंच मुलगा होता, तो बोलतच नव्हता. तिघं ब्रोमो ज्वालामुखीच्या काठापर्यंत चढून गेलात आणि दहाच्या आत गाव ओलांडलंत.

एवढ्यावर भागलं असतं तर मी चार शिव्या घालून गप्प बसले असते. पण अंगावर पांघरलेल्या तुझ्या सारोंगची गाठ पाठीवर होती. उजव्या खांद्यावर गाठ म्हणजे मुलगी, पाठीवर म्हणजे लग्न झालेली आणि डाव्या खांद्यावर म्हणजे माझ्यासारखी, नवरा पुरून बसलेली. हे तुला मी अक्षरांच्या आधी शिकवलं. करसोनोच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळपर्यंत शेजारची पोनिती दारात हजर. जेवण कधी घालताय म्हणून विचारते! मोठं पातेलं लागलं तर माझ्याकडून न्या म्हणाली. मी म्हटलं, लागेल तेव्हा मागेन, आत्ता तुझं तोंड झाकायला ठेव.

तर आता सरळ सांग. लग्न केलंस का? केलं असशील तर कुणाशी, आणि मी मेलेय म्हणून सांगितलंस का त्यांना? नसेल केलं तर ती गाठ कुणी मारली?

खालच्या पट्टीतल्या बटाट्यावर हिव पडलं, पाला जळाला. वरची पट्टी ठीक आहे. माझे गुडघे दोन्ही पट्ट्यांच्या मधले.

लोभ किती ठेवायचा ते तुझं उत्तर वाचून ठरवीन.

आजी तुमीरा


सुराबाया, २० जुलै १९९५

ती. आजीस कासियातीचा शि. सा. न. वि. वि.

लग्न केलेलं नाही. हे पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे पुढचं तू खाली बसून वाचशील.

मुलाचं नाव विबोवो. बंदरावरच्या कचेरीत कारकून आहे. माझ्या दवाखान्यात तो हाताला टाके घालून घ्यायला आला होता आणि टाके निघाल्यावरही येत राहिला. ती बाई म्हणजे त्याची आई, हार्तिनीबाई. मूळच्या ब्लितारच्या, देवधर्म आपल्यासारखाच. मुलीचा डोंगर एकदा बघायचा, सूर्य बघायचा आणि मगच हो की नाही ते सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

आजी बाजाराला गेली आहे असं मी त्यांना सांगितलं. खोटं नव्हतं, पण दिवस मी मुद्दाम निवडला होता. तू म्हणतेस ते खरं आहे. कारणही सांगते. एका लग्नात हार्तिनीबाईंना त्यांच्या जावेने स्वयंपाकघरात बसवलं, तर त्या तीन वर्षं तिच्याशी बोललेल्या नाहीत. मला काय मोलकरीण समजली, असं अजून म्हणतात. आणि आपल्याकडे तर पाहुणा म्हणजे आधी चुलीपाशी. मला भीती वाटली की त्या उंबऱ्यावरूनच मागे फिरतील आणि सगळं तिथेच संपेल. मला विबोवोशीच लग्न करायचं आहे, आजी. असं सरळ मी अजून त्यालासुद्धा म्हटलेलं नाही.

गाठीचं असं झालं. वाळूत फार वारा होता, सारोंग खांद्यावरून सारखं घसरत होतं. हार्तिनीबाईंनी मला जवळ ओढलं, थांब गं, गारठून मरशील असं म्हणाल्या आणि स्वतःच्या हाताने मागे घट्ट गाठ मारली. त्यांना काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं. सगळ्या पायऱ्या चढले, काठावर उभी राहिले, पुन्हा उतरले, पण सोडली नाही. जीपमध्ये बसल्यावर पाठीला रुतत होती, तरी नाही.

आता तुला काय लिहायचं असेल ते लिही. रागाच्या शेजारी जागा उरली तर थोडा लोभही असू दे.

तुझी याती


वोनोकित्री, २९ जुलै १९९५

चि. यातीस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. एकदा चष्म्याशिवाय, तेव्हा जास्त बरं वाटलं.

तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. रात्री रडायचीस म्हणून तुला पाटीत घालून चुलीशेजारी निजवायची मी. तीच चूल तुला आता लपवावीशी वाटली. असू दे. प्रेमात माणूस येडं होतं. तुझ्या आजोबांसाठी मी एकदा मीठ समजून राख घातली होती भातात, आणि त्यांनी खाल्ला.

आता ऐक. वीस दिवसांनी माझे बटाटे निघतील. त्यानंतरच्या शनिवारी तिघांना घेऊन ये, तुला धरून तीन. रात्री राहा. पुढची खोली पोत्यांनी भरलेली असेल आणि ती मी रिकामी करणार नाही. तुझ्या सासूसाठी कुणाकडून खुर्चीही उसनी आणणार नाही. बसायचं ते चुलीपाशी. जिला माझ्या चुलीपाशी बसायला कमीपणा वाटतो, तिच्या घरी माझी नात चूल पेटवायला जाणार नाही. हे तू त्यांना आधी सांगू नकोस. त्यांचं त्यांना कळलं तर ठीक, नाहीतर जीप आहेच दारात.

रविवारी पहाटे सगळे वर जाऊ. मीपण. घरातली मुलगी द्यायची की नाही हे आधी काठावर उभं राहून डोंगराला सांगावं लागतं. तिथे पत्र चालत नाही. सात वर्षं झाली मला पायऱ्या चढून, पण गुडघ्यांना विचारायला गेलं तर ते नाहीच म्हणतात.

येताना गाठ उजव्या खांद्यावर बांधून ये. चुकून बसलेली गाठ गोड लागली तरी ती चुकूनच बसलेली. पोनितीला सांगितलंय की शहरात थंडीची गाठ मागेच मारतात. तिला पटलं नाही, पण दारात आणून ठेवलेलं पातेलं परत घेऊन गेली.

लोभ आहे. तुझ्या जाड बाईला बघून वाढवायचा की कसं ते बघते.

आजी तुमीरा


सुराबाया, २६ ऑगस्ट १९९५

श्रीमती तुमीराबाई यांस हार्तिनीचा सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. केसांतली राख तिसऱ्यांदा धुतल्यावर गेली.

लिहायला बसले आहे ते क्षमा मागायला. शनिवारी संध्याकाळी दारातच तुम्ही मला म्हणालात की या, आत चुलीपाशी बसा. मी म्हणाले, इथेच ठीक आहे, आणि पुढच्या खोलीत बटाट्याच्या पोत्यावर बसले. तुम्ही एकदाही आग्रह केला नाहीत. बरं म्हणून आत निघून गेलात. अर्धा तास मी पर्स मधल्या दाराशी टेकवून तशीच बसले होते. याती दर दोन मिनिटांनी येऊन बघून जायची. मी मनात सगळं ठरवूनसुद्धा टाकलं होतं की रात्रीच परत फिरायचं आणि या मुलीचं नाव घरात काढायचं नाही. तुमच्यापासून लपवत नाही.

उठले ती थंडीने. पाय बधिर झाले होते. आत आले तर तुमच्या गावचे मुखिया भिंतीला टेकून, चुलीपासून सगळ्यात लांब बसलेले. त्यांच्या पुढे घोडेवाला, त्याच्या पुढे माझा मुलगा. आणि आगीच्या अगदी जवळचं बुटकं बाकडं रिकामं. कुणी त्यावर पायसुद्धा ठेवला नव्हता. मी बसले तेव्हा मुखिया आणखी मागे सरकले. तेव्हा मला कळलं की तुमच्याकडे पहिली जागा कुठली असते. मक्याचा भात आणि खारी मासळी मी तीनदा घेतली, ती भूक होती असं समजा.

पहाटे तुम्ही माझं सारोंग डाव्या खांद्यावर बांधलंत, तुमचंही तसंच होतं. मी कारण विचारलं तर म्हणालात की नवरा नाही ना, मग डावीकडे. आठ वर्षांत मला कुणी असं तोंडावर म्हटलं नव्हतं. सगळे आवाज बारीक करून बोलतात. मला बरंच वाटलं.

गाठींचा अर्थ मला घोडेवाल्याने वाळूत सांगितला. मागच्या खेपेला माझ्या हातून काय झालं होतं तेही सांगितलं, आणि हसून घोड्यावरून पडता पडता राहिला. त्या दोनशे त्रेपन्न पायऱ्या मी तेच मनात घोळवत चढले.

तेव्हा रीतसर लिहिते. विबोवोसाठी मी कासियातीला मागणी घालते. जी गाठ मी नकळत मारली, ती आता कळून मारायची आहे, तुम्ही हो म्हणालात तर.

माझ्या पर्समध्ये चार बटाटे निघाले. ते तुम्ही कधी घातलेत?

आपला लोभ जोडला आहे, तो असाच राखावा.

हार्तिनी


वोनोकित्री, ४ सप्टेंबर १९९५

पायऱ्या दोनशे सत्तेचाळीस आहेत. माझ्या नवऱ्याने मोजल्या होत्या, मी मोजल्या, माझ्या लेकीने मोजल्या. तुम्ही शंभराच्या पुढे धापा टाकताना सहा जास्तीच्या धरल्यात. कागदावर खोटा आकडा मी चालू देणार नाही.

हार्तिनीबाईंस तुमीराचा नमस्कार. विहीणबाई अजून म्हणत नाही, कारण खाली येईल.

क्षमा वगैरे राहू द्या. पोत्यावर बसलात ते एका परीने बरंच झालं, त्या पोत्याचं तोंड उंदराने कुरतडलं होतं, तुमच्या वजनाने दाबून राहिलं. आग्रह मी केला नाही, कारण चुलीपाशी माणसाने आपल्या पायाने यावं. मधलं दार मात्र उघडं ठेवलं होतं. यातीला वाटतं, तुम्हाला वास यावा म्हणून. धूर जावा म्हणून ठेवलं होतं. थोडं वासासाठीही.

आता माझी एक गोष्ट. पंधरा वर्षं मी पेनांजाकानला कॉफी विकते. वारा पूर्वेकडून येतो, म्हणून माझी शेगडी आडोशाला आणि माझी पाठ पूर्वेला. लोक ओरडतात तेव्हा मी समजते की सूर्य आला, आता भजी मागतील. त्या दिवशी तुम्ही माझं कोपर धरून मला गर्रकन वळवलंत. मी दूध उतू जाईल म्हणणार होते, पण शेगडी पेटवलेलीच नव्हती, मी पाहुण्यांबरोबर होते. तेव्हा बघितला. आधी नुसती लाल रेघ, मग खालचं धुकं दुधावरच्या सायीसारखं, त्यातून ब्रोमोचा धूर, आणि लांब मागे सेमेरू डोंगराने एक काळा भपकारा सोडला. बरा असतो सूर्य. लोक उगाच येत नाहीत. आता शेगडी दुसऱ्या बाजूला मांडली आहे. वाऱ्याने दोनदा विझते. विझू दे.

काठावर मी झेंडू आणि नवे बटाटे आत टाकले आणि डोंगराला सांगितलं की माझ्या लेकीची लेक खाली शहरात द्यायचा विचार आहे, तुझं काही म्हणणं असेल तर आत्ता बोल. तेव्हा तो गुरगुरला आणि राख उडाली. तुम्ही घाबरून माझा हात धरलात. तो रोज गुरगुरतो, बाई, त्याला पोटाचा त्रास आहे. मी तेव्हा सांगितलं नाही, कारण तुमचा हात गरम होता आणि माझा गारठला होता.

तर डोंगराची हरकत नाही. माझी नाही. तुमची नाही. याती तर कधीची पाठीवर गाठ रुतवून बसली आहे. सगळ्यांचं सांगून झालं, एका माणसाचं राहिलं.

तुमचा मुलगा, हार्तिनीबाई. शनिवारी तो पाच वेळा भात वाढून घेऊन तीन वेळा हो म्हणाला, आणि तिन्ही वेळा तुमच्या तोंडाकडे बघून. सूर्य उगवला तेव्हा जीपमध्ये झोपला होता. झोपू दे, त्याला दोष नाही. पायऱ्यांवर तुमची पिशवी, माझी टोपली आणि शेवटी यातीची चप्पल, तिचा पट्टा तुटला होता ती, असं सगळं न सांगता उचलून घेतलं. मुलगा चांगला आहे. पण जो हात चप्पल उचलतो त्याला तोंडही असेल ना? माझी याती जन्मभर बोलणार आणि समोरून फक्त हो यायचं, हे मला चालायचं नाही. मागणी तुम्ही घातलीत, पण तिच्याशी नांदायचं त्याला आहे.

बटाटे पर्समध्ये मी तुम्ही पोत्यावर बसलेल्या असतानाच, मधल्या दारातून हात लांबवून घातले. रागावून रात्रीच गेला असतात तरी रिकाम्या हाताने पाठवलं नसतं.

गाठ तूर्त उजव्या खांद्यावर राहील. लोभ चुलीवर ठेवला आहे, मंद आचेवर, करपणार नाही.

या पत्राला उत्तर तुम्ही लिहायचं नाही. यातीनेही नाही. विबोवोने लिहायचं, स्वतःच्या हाताने, आईला न दाखवता. आणि त्यात हो एकदाच लिहायचं, बाकीचं पानभर का ते.

तुमीरा