मंगळवार ते गुरुवार मृत समजावे

मी, प्रगती मोहन खोमणे, वय चोवीस, धंदा शेती, राहणार माळेगाव बुद्रुक, ता. बारामती, पूर्ण शुद्धीवर, कुणाच्याही दडपणाखाली न येता, फक्त उजवा गाल सुजलेल्या अवस्थेत लिहून ठेवते की, उद्या बारामतीत भूल देऊन माझी आडवी दाढ काढणार आहेत. दोन रात्री ठेवून घेतील. संमतीच्या कागदावर ‘जिवाला धोका संभवतो’ असे छापले आहे. डॉक्टर म्हणाले, “ते सगळ्यांनाच असतं.” सगळ्यांनाच असते, म्हणूनच लिहायला बसले.

१. आजोबा चिंतामण आबांनी मला बक्षीसपत्राने दिलेले वीस गुंठे. शाळेत घालण्याआधी आबा मला बांधावर बसवून शिकवायचे, “शेतकरी तीन तऱ्हंचा. इचारून करणारा, बघून करणारा आन् करून बघणारा.” वडील खताच्या दुकानात विचारतात. धाकटा भाऊ अजित शेजाऱ्याचे बघतो. तसे बघूनच त्याने ड्रॅगन फ्रूटसाठी सिमेंटचे खांब रोवले. तोवर शेजाऱ्याने बाग मोडली होती. आता खांबांवर आई धुणे वाळत घालते. खांब माझे नाहीत, तरी ते आईकडेच राहावेत.

२. माझा ऊस गेल्या आठवड्यात तुटून गेला. सरीत पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, पसरले आहे. ते जाळू नये. चार वर्षे जाळलेले नाही, म्हणून खाली ओल टिकते, गांडुळे आहेत, तुटल्या उसाच्या बुडख्यातून खोडवा अजून जोमात फुटतो. गांडुळांनाच वारस करणार होते. वकील म्हणाले, कायद्यात बसत नाही. तेव्हा रान वडिलांना, गांडुळांच्या वतीने.

अजित मात्र म्हणाला आहे, “ताई, तू दवाखान्यात गेलीस की एका काडीत रान साफ करतो बघ. साप निघत्यात तितं.”

३. मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते, असेही वकील म्हणाले. माझ्या मरणाची खात्री नाही. म्हणून मंगळवार सकाळपासून गुरुवारी दिवस मावळेपर्यंत मला मृत समजावे. आई छबूबाईने विचारले, “मग डबा कुणाला धाडू?” डबा धाडावा. भात पातळ असावा.

४. बांधावरच्या केळीच्या बुडाशी फुटणाऱ्या पिलांपैकी एकच पील ठेवावे. आईला दया येते, ती तीन ठेवते, मग एकही घड धड भरत नाही.

५. माझी स्कूटी अजितला. आबांनी मला रान दिले म्हणून त्याने दोन वर्षे अबोला धरला होता, तो माफ. पाचट जाळल्यास माफी रद्द, स्कूटीही. घरातल्या काडेपेट्या मी सोबत नेत आहे. गॅसचा लायटर आईने कमरेला खोचावा.

वरील मजकूर मी तीनदा वाचला. दोनदा बरोबर वाटला.

माळेगाव बुद्रुक, सोमवार, १६ फेब्रुवारी २०२६
प्रगती मोहन खोमणे

साक्षीदार:
मोहनराव खोमणे. वाचलं. पोरगी ठणठणीत हाय.

अजित खोमणे. जित्या माणसाचं मी ऐकलं नसतं. मेलेल्याचा शब्द मोडता येत न्हाय, म्हणून सही करतोय. गुरुवारी न्यायला येतो.