मिटिंगीतला ठसका

चिरंजीव रामकिसन यास अक्का गोजरबाईचा आशीर्वाद. तुझी शुगर, नंदाबाईची कंबर आणि दारातली म्हैस, तिघीबी बऱ्या असतील असं समजते. (नसतील तर कळवू नको, इथं ऐकायला सवड न्हाई.)

माझ्या कल्याणची पोरगी शीतल पुण्याची नोकरी दोन वर्षांपासून आपल्या घरातूनच करून राह्यली, हे तुला ठावं आहे. आता हापिसानं तिला कायमचं पुण्याला बोलावलंय. कल्याण म्हणतो, आई म्हणंल तसं. पोरगी म्हणते, आजी म्हणंल तसं. मंग आजीनं आधी हापिसातली माणसं पाहू नयेत का? ती सारी तिच्या लॅपटॉपात चौकटी-चौकटीत बसत्यात, सोयरीक पाह्यला आल्यावानी. वर इस्त्रीचा सदरा, खाली काय आहे देव जाणं (आपली शीतलबी खाली गाऊनच घालते). एक जण तर नुसता काळा चौकोन, नाव म्हणे अंगद. मी म्हणलं, ह्याला तोंड दाखवायची लाज वाटती का? शीतल म्हणली, "आजी, हळू! ऐकू जातंय त्यायला." बिचारा तवाच उजेडात आला. दाढी वाढलेली, मागं टॉवेल वाळत घातलेले.

पण इतके डोळे पोरीच्या तोंडावर रोज रोखलेले! म्हणून सोमवारी मिटिंग ऐन भरात असताना मी मीठ, मोहरी, लाल मिरच्या घेऊन गेले आणि तिच्यावरून उतरवल्या. ती हातानं नको नको करून राह्यली, तोंडानं इंग्रजी. नजर लावणारे तर आतच बसलेत, म्हणून लॅपटॉपावरूनबी एक फेरा काढला आणि तिथंच, संगं आणलेल्या निखाऱ्यावर टाकल्या मिरच्या.

दृष्ट असली तर मिरची कितीबी जाळ, ठसका लागत न्हाई, हे आपल्या आईनं शिकवलेलं. इथं असा ठसका उठला की शीतल वाकली, मी वाकले, कल्याण गोठ्यातून पळत आला. त्या लोकायला वाटलं घर पेटलं. साऱ्या चौकटी उभ्या राह्यल्या (तवा कळलं, खाली सारे हाफ चड्डीवर). अंगद तर पुण्याहून आग विझवायची गाडी बोलवायला निघाला. त्यायची मोठी मॅडम वरडली, "शीतल, लॅपटॉप सोड! आधी आजीला बाहेर काढ!"

म्हणजे बिलकुल दृष्ट न्हाई. माणसं निर्मळ आहेत. आता मी कोणत्या तोंडानं न्हाई म्हणू? म्हणलं, जा.

बरंच झालं. दिवसभर "आजी, शूऽऽ" ऐकून कान किटल्ते. आता कोंबडा खुशाल आरवू दे, मीबी खुशाल भांडीन.

तुझ्या घरात जो मोठा असंल त्याला नमस्कार, बाकीच्यायनी आशीर्वाद वाटून घ्या.

तुझी अक्का

ता. क. शीतल गुरुवारी तुमच्या बदनापूरहून गाडीत बसणार. कल्याण सोडायला येतो, पण सामान चढवलं की त्याला धारा काढायच्या आठवत्यात, लगेच फिरतो. मी येणार न्हाई. घरी कामं आहेत.

ता. क. दुसरा. कामं काही न्हाईत. तू स्टेशनवर जा आणि गाडी हलून पार दिसंनाशी होईस्तोवर उभा राह्य. तिनं खिडकीतून मागं पाह्यलं, तर आपल्यातलं कुणीतरी दिसाया पाहिजे.